इंजिन टांगायचा बार घरी कसा बनवावा

क्लच प्लेट बदलायची, गिअरबॉक्स खाली उतरवायचा किंवा नुसतं इंजिनाचं माउंटिंग बदलायचं, म्हणजे गॅरेजवाले ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात ते. यातलं काहीही करायचं झालं की एक प्रश्न येतोच: माउंटिंगचा बोल्ट काढल्यावर इंजिन कशावर राहणार? पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. उजव्या-डाव्या अंगाला दोन माउंटिंग आणि खाली किंवा मागे एक, असं ते सगळं धूड तीन ठिकाणी रबरावर टेकलेलं असतं. एक काढलं की ते उरलेल्या दोघांवर कलतं. खालून जॅक लावता येतो, पण मग गिअरबॉक्स उतरवायच्या जागेवरच जॅक ठाण मांडून बसतो. म्हणून वरून टांगायचं. बॉनेट उघडायचं, दोन्ही मडगार्डच्या आतल्या पट्टीवर आडवा बार टाकायचा आणि त्याला इंजिन लटकवायचं.

तयार बार बाजारात मिळतात. पण स्वस्तातल्यांची चौकोनी नळी फारच पातळ निघते आणि चांगला घ्यायला गेलं तर वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला किंमत जास्त वाटते. माझा बार वेल्डिंगची मजुरी धरून अडीच हजारांच्या आत झाला. तो दुसरा. पहिल्याची गोष्ट आधी सांगतो, कारण दुसरा तसा का बनवला ते तिच्यात आहे.

पहिला बार म्हणजे प्लंबरकडे उरलेला दोन इंची गोल जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप. दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे आणि मधे साखळीचे वेढे. पाइप जाड होता, वाकण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी निर्धास्त. गिअरबॉक्सच्या अंगाच्या माउंटिंगचा शेवटचा बोल्ट घट्ट होता. पान्याला नळी लावून झटका दिला. बोल्ट सुटला, झटक्यानं इंजिन थोडं पुढे झुललं, पाइप ठोकळ्यावर गोल फिरला आणि डावा ठोकळा टुणकन उडाला. इंजिनाचं ते टोक दोन इंच खाली येऊन जॅकवर ठेवलेल्या फळीवर बसलं. फळी तिथे सावधगिरी म्हणून नव्हती, काढायची राहिली होती. एसीचा पाइप वाकला, मडगार्डला आतून पोचा आला. हात खाली नव्हता, एवढंच नशीब.

तो पाइप घेऊन पावण्याच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या वेल्डरकाकांकडे गेलो. म्हटलं, याला काहीतरी पाय जोडून द्या. त्यांनी पाइप हातात घेतला, गोल फिरवून बघितला आणि म्हणाले, “दादूस, ह्यो भंगारात दे. गोल वस्तू लोळनारच. आनि तू ताकद बघत बसलास, टेकतंय कुठं ते कोन बघनार?” पुढचं सगळं या एका वाक्यावर बेतलेलं आहे. बार सहसा मोडत नाही, त्याचा पाय घसरतो.

आधी माप, मग लोखंड

बॉनेट उघडून मडगार्डच्या आतल्या कडेला बघा. मडगार्डचा पत्रा ज्या पट्टीवर बोल्टांच्या रांगेनं बसवलेला असतो, ती पट्टी बॉडीच्या सांगाड्याचा भाग असते. बाराचा पाय तिच्यावर टेकायचा. बाहेरच्या रंगीत मडगार्डवर कधीच नाही, तो नुसता पत्रा आहे, अंगठ्यानं दाबला तरी दबतो. पट्टी सपाट असेल असं धरू नका. कुठे उतार असतो, कुठे बोल्टाचं डोकं वर आलेलं असतं, कुठे वायरिंगची क्लिप असते. जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा त्यावर दाबून कात्रीनं आकार काढून घ्या, पाय बनवताना तो नमुना कामाला येतो.

डाव्या पट्टीच्या मधल्या रेषेपासून उजव्या पट्टीच्या मधल्या रेषेपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. माझ्या गाडीत ते १२८० मिमी भरलं. मोजायची जागा मात्र इंजिनाच्या टांगायच्या हुकांच्या बरोबर वर हवी. बार पुढे आणि हूक मागे असं झालं तर साखळी तिरकी ओढते आणि बार लोळायला बघतो. बारावरून ओळंबा सोडून बघा. ओळंबा नसेल तर दोरीला नट बांधलात तरी चालेल.

इंजिन हलवल्यावर रेडिएटरच्या पंख्याला किती जागा उरते, तेही आत्ताच बघून ठेवा.

किती जाड नळी?

छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शंभर-सव्वाशे किलोच्या घरात जातं. आपल्याकडे कितीतरी गाड्यांत आलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल नुसतं इंजिनच १३० किलोच्या आसपास आहे. बार वापरताना एखाद-दुसरं माउंटिंग जागेवर असतंच, त्यामुळे सगळं वजन बारावर येत नाही. तरी हिशेब पूर्ण वजनाचाच करायचा.

मी ५० × ५० × ३ मिमीची चौकोनी नळी घेतली. १३०० मिमी अंतरावर दोन टेके आणि बरोबर मधे १५० किलो, असं धरलं तर नळीत ताण येतो सुमारे ५७ मेगापास्कल. साध्या चौकोनी नळीचं लोखंड कायमचं वाकायला किमान २१० च्या आसपास ताण लागतो, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त माया आहे. मधे झोळ पडतो साधारण १.६ मिमी. आता खिडकीच्या ग्रिलवाल्याकडे पडलेली ४० × ४० × २ ची नळी बघा. दिसायला थोडीच बारीक, पण तेवढ्याच वजनाला ताण जातो १३० वर आणि झोळ साडेचार मिमीवर. मोडणार नाही, पण बोल्टाला झटका द्याल तेव्हा ती स्प्रिंगसारखी उडेल. आणि उडणारा बार म्हणजे घसरणारा पाय. म्हणून ३ मिमीच्या खाली जाऊ नका. मोठ्या डिझेलसाठी ६० × ६० × ४ घ्या.

नळीला आरपार भोक पाडून त्यातून रॉड सोडायची पद्धत बरेच जण वापरतात. मला ती आवडत नाही. सगळ्यात जास्त ताण मधे येतो आणि भोकही नेमकं तिथेच पडतं. शिवाय दुसऱ्या गाडीत हुकाची जागा बदलली की नवं भोक पाडावं लागतं.

सामान

लोखंडासाठी कळंबोलीचा स्टील मार्केट आठवतो, पण तिथे अख्ख्या ६ मीटरच्या नळ्या आणि ट्रकभर माल घेणाऱ्यांचं राज्य आहे. दीड मीटरच्या गिऱ्हाइकाला तिथे कोणी विचारत नाही. रबाळे, पावणे, तुर्भे किंवा ठाण्यात वागळे इस्टेट, इथल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जा आणि “तुकडे आहेत का?” असं विचारा. तुकडे वजनावर मिळतात. ५० × ५० × ३ ची दीड मीटर नळी साधारण साडेसहा किलो भरते. काट्यावर पाच-सव्वापाच किलोच भरली तर समजा की नळी ३ मिमीची नाही. व्हर्नियर नसेल तर काटाच व्हर्नियर.

बाकी सामान असं: ६० × ६० × ४ च्या नळीचे ८० मिमी लांबीचे दोन तुकडे, ५० × ६ च्या पट्टीचे २०० मिमीचे दोन, ५० × १० च्या पट्टीचे ११० मिमीचे चार, २५ × ३ च्या अँगलचे १५० मिमीचे दोन. एम १२ चा थ्रेडेड रॉड ३०० मिमीचे चार तुकडे, त्याचे भरपूर नट आणि जाड वॉशर. दोन एम १२ आय बोल्ट, साखळी अडकवायला दोन डी शॅकल (बोल्टानं बंद होणाऱ्या कड्या), चार एम १० बोल्ट नटांसकट. आणि टायरवाल्याकडून ट्रकच्या टायरच्या फ्लॅपचा रबर.

आय बोल्ट मात्र नीट बघून घ्या. सळई वाकवून केलेला, ज्याच्या कडीचं तोंड उघडं दिसतं, तो फोटो टांगायला ठीक. इथे घडीव म्हणजे फोर्ज केलेला, अखंड कडीचा हवा. नट पूर्ण बसून वर दोन आटे दिसतील एवढा त्याचा दांडा लांब हवा. साखळी घ्यायची तर तिच्या कड्यांवर दर्जाचा ठसा असलेली घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी बिनठशाची साखळी गेटाला कुलूप लावायला आहे. साखळीऐवजी पॉलिएस्टरचा पट्टा चालतो. जांभळा पट्टा सरळ ओढीला १ टनाचा असतो. पण तो गरम एक्झॉस्टपासून आणि धारदार कडेपासून लांब ठेवा.

पाय

यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या.

६० × ६० × ४ ची नळी आतून ५२ मिमी असते, म्हणजे ५० ची नळी तिच्यात सरकते. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात आत वेल्डिंगची उभी शिलाई असते आणि नळी तिथेच अडते. अर्धगोल कानस घेऊन ती शिलाई काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण केलं नाही तर हातोड्यानं ठोकून बसवायचा मोह होतो आणि मग तो पाय जन्मात सरकत नाही.

हा ६० चा तुकडा म्हणजे पायाची बाही. तिच्या वरच्या अंगाला दोन भोकं पाडून त्यावर एम १० चे नट वेल्ड करा. त्यात बोल्ट पिळला की बाही बारावर पक्की बसते. बाहीच्या खाली ५० × ६ ची २०० मिमी लांब पट्टी वेल्ड करायची, गाडीच्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे बाराला आडवी. बार पुढे-मागे लोळू न देणारी हीच पट्टी. माझ्या गोल पाइपाला नेमकं हेच नव्हतं.

मग नाक. पट्टीच्या इंजिनाकडच्या कडेला अँगल असा लावा की त्याची एक बाजू साधारण २० मिमी खाली लोंबेल आणि बॉडीच्या पट्टीच्या आतल्या कडेला टेकेल. दोन्ही पायांना असं नाक असलं आणि दोन्ही आतून टेकली, की बार डावीकडे सरकू शकत नाही नि उजवीकडेही नाही. पुठ्ठ्याचा नमुना लावून बघा. बोल्टाचं डोकं आडवं येत असेल तर तिथे अँगलला खाच पाडा. शेवटी पट्टीच्या खाली आणि नाकाच्या मागे रबर चिकटवा. रंग वाचतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पकड येते.

बॉडीच्या पट्टीपेक्षा इंजिन उंच असेल तर पायाखाली नळीचा उभा तुकडा घालून बार वर उचलता येतो. ७५ मिमीपेक्षा जास्त उचलू नका. बार जितका उंच तितका तो कलंडायला सोपा.

झोपाळा

बाराला आडवी अशी वर एक ५० × १० ची पट्टी, खाली तशीच दुसरी, आणि दोन्हींना जोडणारे दोन रॉड नळीच्या दोन्ही अंगांनी. तयार झाल्यावर ते गावच्या ओटीवरच्या झोपाळ्यासारखं दिसतं, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव झोपाळाच पडलं. पट्टीत दोन भोकं १३ मिमीची, मध्यापासून मध्यापर्यंत ६६ मिमी अंतरावर. म्हणजे रॉड आणि नळी यांच्यात दोन्हीकडे २-२ मिमी फट राहते. खालच्या पट्टीत बरोबर मधे तिसरं भोक पाडून आय बोल्ट खाली तोंड करून बसवा. त्याला वरून नट आणि त्यावर आणखी एक नट. रॉडांच्या खालच्या टोकांनाही असेच दोन-दोन नट.

नळीला भोक नाही, वजन बरोबर तिच्या पोटाखाली, आणि झोपाळा हवा तिथे सरकतो. वरचे नट फिरवले की इंजिन उचललं जातं. एम १२ च्या आट्याचं अंतर १.७५ मिमी असतं, तेव्हा नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे पावणेदोन मिमी उचल. जॅकवर ही नजाकत मिळत नाही. दोन्ही नट मात्र एकेक फेरा आळीपाळीनं फिरवायचे. एकच फिरवत राहिलात तर पट्टी तिरकी होऊन रॉड वाकतो. असे दोन झोपाळे करा, एक टायमिंगच्या अंगाला, म्हणजे टायमिंगचा पट्टा किंवा चेन असते तिकडे, आणि एक गिअरबॉक्सच्या. एकाच बिंदूला टांगलेलं इंजिन गिरकी घेतं.

वेल्डिंग स्वतः येत नसेल तर इथे शिकू नका, मिस्त्रीकडून करून घ्या. “टॅक नको, पूर्ण रन मारा” असं स्पष्ट सांगा, म्हणजे नुसते ठिपके नकोत, अखंड जोड हवा. येत असेल तर ३.१५ मिमीचा ६०१३ रॉड आणि ११० अँपिअरच्या आसपास करंट. जीआयच्या तुकड्यावर वेल्डिंग करायचं असेल तर आधी जस्त घासून काढा, त्याचा धूर छातीत बसतो. ग्राइंडरचं काम शेडमध्येच उरका. रविवारी दुपारी सोसायटीच्या स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, ग्राइंडर लावला तर सेक्रेटरी येणार, आणि त्यांचं चुकतंय असं मीही म्हणणार नाही. झालं की रेड ऑक्साइड मारून ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडं लोखंड चार दिवसांत तांबडं होतं.

वजन टांगून बघा

गाडीवर ठेवण्याआधी बाराचे दोन्ही पाय भक्कम टेक्यांवर ठेवा, गाडीत आहे तेवढ्याच अंतरावर. खाली मोकळी जागा फक्त वीतभर. बाराच्या दोन टोकांमधे दोरी ताणून बांधा आणि झोपाळ्याला वजन अडकवा. सोसायटीत कुठे ना कुठे प्लास्टरचं काम चालू असतंच. सिमेंटची गोणी ५० किलोची, तशा चार गोण्या फळीवर रचून टांगल्या की २०० किलो झाले. दोरीपासून झोळ २ मिमीच्या आसपास दिसायला हवा. अर्धा तास राहू द्या, मग उतरवा. झोळ पूर्ण परत गेला पाहिजे. एक मिमी जरी राहिला तरी नळी कमी पडली असं समजा. वेल्डिंगच्या कडांवरून नख फिरवा, केसासारखी रेघ लागली तर तो जोड कापून नव्याने.

गाडीवर

जमीन सपाट हवी. आमच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत आणि घोडीचा, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडचा, पाय त्यांच्या फटीत रुततो, म्हणून प्रत्येक घोडीखाली १८ मिमी प्लायचा फूटभर तुकडा ठेवतो. गाडी घोड्यांवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. बार गाडी उचलायला नाही, आणि बारावर इंजिन असताना गाडी जॅकवर वर-खाली करायची नाही.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. सीएनजीची गाडी असेल, आणि ठाणे-नवी मुंबईत ती असतेच, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून पाइपातला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवून घ्या. मगच बॅटरी. गॅसची ती स्टीलची बारीक नळी २०० बारपर्यंतचा (इथे बार म्हणजे दाबाचं माप) दाब वाहते. बाराचा पाय तिच्यावर किंवा तिच्या क्लिपवर चुकूनही येऊ नये.

इंजिनावर कंपनीनं दिलेले टांगायचे हूक असतात, जाड पत्र्याचे, मोठ्या भोकाचे. तेच वापरा. एखाद्या अंगाला हूक नसेल तर ब्रॅकेटच्या रिकाम्या आट्यात बोल्ट लावून पट्टी बसवता येते, पण ॲल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या व्यासाच्या दुप्पट खोल गेला पाहिजे, म्हणजे एम ८ असेल तर १६ मिमी. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला, वॉल्व्ह कव्हरला किंवा अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला साखळी बांधणारे लोक मी पाहिले आहेत. पुन्हा त्यांच्याकडे गाडी नेली नाही.

बार ठेवा, नाकं आतून टेकवा, बाहीचे बोल्ट पिळा. साखळी लावा आणि नट फिरवत ढील काढा. आता घाई नको. माउंटिंगच्या रबराच्या वरची फट मोबाइलवर फोटो काढून आणि पट्टीनं मोजून ठेवा. मग माउंटिंगचा बोल्ट थोडा सैल करा आणि झोपाळ्याचे नट अर्धा-अर्धा फेरा फिरवत राहा. एक क्षण असा येतो की पान्यानं जड जाणारा तो बोल्ट एकदम बोटांनी फिरायला लागतो. तेव्हा इंजिन नेमकं बारावर आलेलं असतं, ना वर ओढलं जातंय ना खाली लोंबतंय. याच्यापुढे नट फिरवलात तर दुसऱ्या अंगाचं माउंटिंग ओढलं जातं. बोल्ट पुन्हा जड झाला की तुम्ही जास्त उचललं, अर्धा फेरा मागे या.

घट्ट बोल्ट मात्र सगळे इंजिन टांगायच्या आधी, माउंटिंग जागेवर असतानाच चळवून ठेवा. झटका द्यायचा तो तेव्हा.

गिअरबॉक्सचं टोक खाली सोडताना एकेक इंच सोडा आणि दर इंचाला फेरी मारून बघा: एसीचे पाइप, रेडिएटरचे होज, एक्झॉस्टचा पुढचा लवचीक तुकडा, गिअरच्या केबली, आणि एक्सल. एक्सलचा आतला सांधा ओढला गेला तर आतल्या आत निसटतो आणि ते त्याचं रबरी आवरण (बूट) कापल्याशिवाय कळत नाही. सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याखाली, एक जॅक ठेवाच, वर रुंद फळी, इंजिनापासून बोटभर खाली. तो वजन घ्यायला नाही, माझ्यासारखा ठोकळा उडाला तर झेलायला. आता ती फळी मी मुद्दाम ठेवतो. इंजिन बारावर असताना त्याच्या थेट खाली झोपायचं नाही. गिअरबॉक्स ओढायला बाजूनं हात घाला आणि मदतीला कोणीतरी घ्या.

काम दोन दिवस लांबलं तर इंजिन रात्रभर नुसतं बारावर सोडू नका. खालचा जॅक वर आणून फळी टेकवा, आणि स्टिल्टमध्ये पोरं खेळत असतील तर बॉनेटसमोर दोन कुंड्या लावा.

पूर्ण इंजिन बाहेर काढायचं असेल तर हा बार उपयोगाचा नाही, त्याला चेन कप्पी किंवा भाड्याची क्रेन लागते. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्स मागे सरकतो आणि इंजिनाचं मागचं टोक खाली येऊ बघतं. तिथे झोपाळा मागच्या हुकावर लावायचा आणि बाराचे पायही तेवढेच मागे न्यायचे. तिथली पट्टी अरुंद असली तर पुठ्ठ्याचा नमुना पुन्हा काढा, पाय नवे बनवा. बार मात्र वर मोठ्या डिझेलसाठी सांगितलेला ६० × ६० × ४ चा हवा.